कोटाचे दत्तक वारस

१९६५ साली जपानमधून आलेले काही तरुण कॅमेरे घेऊन अमेरिकेतील हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, डार्टमथ या विद्यापीठांच्या आवारांत फिरत होते. तिथले विद्यार्थी कसे कपडे घालतात हे त्यांना टिपायचे होते. नीटस सूट आणि टाय घातलेली मुले दिसतील अशी त्यांची अपेक्षा होती. समोर आली ती रबरी चपला आणि कापून आखूड केलेल्या पँटी घालून वर्गात जाणारी मुले. तरीही जे दिसले ते त्यांनी मन लावून टिपले: शर्टाच्या कॉलरची बटणे, पँटीची लांबी, बुटांत मोजे आहेत की नाहीत. ‘टेक आयव्ही’ हे त्या छायाचित्रांचे पुस्तक त्याच वर्षी जपानमध्ये निघाले. पुढच्या काही वर्षांत अमेरिकी विद्यापीठांतून तो पेहराव जवळपास नाहीसा झाला. २०१० मध्ये या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती न्यूयॉर्कमधून निघाली, तेव्हा अमेरिकी वाचक आपल्याच वडिलांचे आणि आजोबांचे कपडे समजून घेण्यासाठी एका जपानी पुस्तकाकडे वळले. एका समाजाची वेशभूषा दुसऱ्याने जपली आणि मूळ मालकाला परत शिकवली. ही घटना अपवादात्मक वाटेल, पण पुरुषांच्या अभिजात पेहरावाचा इतिहास उलगडून पाहिला तर तो बराचसा असाच घडलेला दिसतो. रक्ताच्या वारसांनी हा वारसा क्वचितच सांभाळला. तो सांभाळला दत्तक आलेल्यांनी. प्रस्तुत पुस्तक या दत्तक वारसांविषयी आहे आणि ही प्रस्तावना त्यांच्या घराचा नकाशा आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवायला हवा. फॅशन म्हणजे या हंगामात चालणारे आणि पुढच्या हंगामात जुने ठरणारे. विंटेज म्हणजे प्रत्यक्ष जुना कपडा: एखादा १९३० च्या दशकातला दोन पदरी कोट, एखादी युद्धकाळातली खाकी पँट. क्लासिक म्हणजे मात्र वस्तू नव्हे, ती कपडे घालण्याची एक रीत आहे. साधारणपणे दोन महायुद्धांच्या दरम्यान ती स्थिरावली. लांब फ्रॉक कोट मागे पडून आखूड लाउंज सूट रोजच्या वापरात रुळला. कोटाची लांबी, लॅपलची रुंदी, पँटीची कंबर कुठे बसावी, बाहीतून शर्टाचा कफ किती दिसावा यांची परस्परप्रमाणे त्या काळात पक्की झाली. ती आजही डोळ्याला खटकत नाहीत, कारण ती शरीराच्या ठेवणीवरून घेतलेली आहेत, हंगामावरून नव्हेत. या विषयाचा हौशी माणूस विंटेज आणि क्लासिक यांच्या सीमेवर उभा असतो. जुना कपडा त्याला मिरवण्यापुरता नको असतो. तो त्याच्यासाठी पुरावा असतो. इतिहासकार जशी बखर वाचतो तसा तो कोट वाचतो: शिवण हाताची की यंत्राची, अस्तर कशाचे, काज कसे घातले आहे, खांद्यात काय भरले आहे. चांगल्या कोटात वरचे कापड आणि अस्तर यांच्यामध्ये घोड्याच्या केसांचे कॅनव्हास असते आणि ते हजारो बारीक टाक्यांनी लॅपलला असे धरलेले असते की लॅपल मोडत नाही, वळते. बाहेरून न दिसणाऱ्या या थरावर कोटाचे अर्धे आयुष्य अवलंबून असते.

या रीतीचा उगम शोधू लागलो तर पहिल्याच पावलावर दत्तकाची गोष्ट भेटते. ऑक्टोबर १६६६ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने दरबारात लांब बंडीसारखा ‘व्हेस्ट’ घालण्याची प्रथा सुरू केली. सॅम्युअल पेप्सच्या रोजनिशीत राजाच्या या निर्णयाची नोंद आहे, आणि जॉन एव्हलिन या दुसऱ्या रोजनिशीकाराने तो पोशाख पर्शियन पद्धतीचा असल्याचे लिहिले आहे. म्हणजे थ्री-पीस सूटचा जो पूर्वज अस्सल इंग्रजी म्हणून ओळखला जातो, तो समकालीनांच्या डोळ्यांना पूर्वेकडून आलेला दिसत होता. त्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी बो ब्रमेलने रेशीम, जरी आणि पावडर लावलेले टोप बाजूला सारून गडद निळा कोट, पांढरेशुभ्र लिनन आणि अचूक बेतलेला कट एवढ्यावर पुरुषाची ऐट उभी केली. ब्रमेल सरदार घराण्यातला नव्हता. त्याचे वडील एका पंतप्रधानांचे खासगी सचिव होते. जन्माने जे मिळाले नव्हते ते त्याने नजर, स्वच्छता आणि नेमकेपणा यांच्या बळावर मिळवले. पुढे कर्जबाजारी होऊन तो फ्रान्समध्ये दारिद्र्यात मेला, पण त्याने घालून दिलेले वळण राहिले. पुरुषांनी भपका सोडण्याच्या या घडामोडीला मानसशास्त्रज्ञ जे. सी. फ्लूगल यांनी १९३० मध्ये पुरुषांचा महान त्याग म्हटले. त्यांच्या दृष्टीने यात पुरुषाने सौंदर्यावरचा आपला हक्क सोडला. अभिजात पेहरावाचे अभ्यासक याच घटनेकडे दुसऱ्या बाजूने पाहतात. सौंदर्य संपले नाही, ते दागिन्यातून कटमध्ये गेले. जरी विकत घेता येते, कट समजून घ्यावा लागतो. आणि जी गोष्ट समजून घ्यावी लागते ती कोणालाही शिकता येते.

या रीतीची मुख्य घराणी चार मानता येतील, आणि त्यांपैकी बहुतेकांच्या पायाशी बाहेरून आलेले कुणीतरी किंवा काहीतरी आहे. पहिले घराणे लंडनचे. हेन्री पूल या पेढीने १८४६ मध्ये सॅव्हिल रो या रस्त्यावर दरवाजा उघडला आणि त्या रस्त्याचे नाव जगभरच्या शिंपीकामाचे दुसरे नाव झाले. इंग्रजी कोटाला लष्करी गणवेशाचा कणा आहे: बांधीव खांदे, आवळलेली कंबर, खाली उघडणारा घेर. याच लंडनमध्ये फ्रेडरिक शोल्टे या डच शिंप्याने रक्षक दलाच्या अधिकाऱ्यांचे कोट न्याहाळून छातीवर आणि पाठीवर थोडे जास्तीचे कापड सोडणारा कट बसवला. त्याने छाती भरदार दिसते आणि हातही मोकळे हलतात. पुढे विंडसरचा ड्यूक झालेला राजपुत्र एडवर्ड अनेक दशके शोल्टेकडेच कोट शिवत होता. शोल्टेच्या हाताखाली तयार झालेल्या पेर अँडरसन या स्वीडिश माणसाने १९०६ मध्ये सुरू केलेल्या पेढीतून आजची अँडरसन अँड शेपर्ड उभी राहिली. दुसरे घराणे नेपल्सचे. तिथे जेनारो रुबिनाची यांनी १९३० च्या दशकात दुकान काढले आणि त्याचे नावच ‘लंडन हाउस’ ठेवले. लंडनची नक्कल करण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता, पण दक्षिण इटलीच्या उन्हाला ही नक्कल मान्य नव्हती. त्या दुकानातले कटर विंचेन्झो अत्तोलिनी यांनी खांद्यातले पॅड, जड कॅनव्हास, जास्तीचे अस्तर काढून टाकले. कोट शर्टासारखा हलका झाला, बाहीला खांद्यापाशी बारीक चुण्या आल्या, छातीचा खिसा होडीसारखा किंचित वळला. तिसरे रोमचे: १९४५ मध्ये सुरू झालेल्या ब्रिओनीने १९५२ मध्ये फ्लॉरेन्सच्या पिट्टी राजवाड्यात पुरुषांच्या कपड्यांचा खेळ मांडला आणि इटालियन शिंपीकामाला जगाची बाजारपेठ उघडली. चौथे अमेरिकेचे. १८१८ पासून चालणाऱ्या ब्रूक्स ब्रदर्सने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खांद्यांना नैसर्गिक उतार असलेला आणि कमरेला चिमटे न घेतलेला ‘सॅक’ सूट रुळवला. तयार कपड्यांच्या दुकानात मिळणारा, कारकुनापासून बँकेच्या मालकापर्यंत सर्वांना चालणारा हा कोट लोकशाहीचा कोट होता. विद्यापीठांतल्या मुलांपर्यंत तो पोहोचवणाऱ्यांत मोठे नाव होते जे. प्रेस. येल विद्यापीठाजवळचे हे दुकान लाटव्हियातून आलेल्या जेकोबी प्रेस या स्थलांतरिताने १९०२ मध्ये सुरू केले होते.

घराणी असली तरी ज्ञान बराच काळ तोंडीच राहिले. शिंपी शिष्याला सांगे, बाप मुलाला क्लबात नेई, आणि ज्याला बाप किंवा क्लब नव्हता तो बाहेरच राही. ही कोंडी फोडली ती छापील कागदाने. १९३१ मध्ये अमेरिकेत ‘अ‍ॅपरल आर्ट्स’ हे त्रैमासिक निघाले. ते दुकानदारांसाठी होते आणि त्यात कापडाचे खरे तुकडे चिकटवलेले असत. लॉरेन्स फेलोज यांच्यासारख्या चित्रकारांनी त्यात काढलेली चित्रे आजही या विषयाची पाठ्यचित्रे आहेत: कोणत्या कापडावर कोणती टाय, खेड्यात काय घालावे, शहरात काय. १९३३ मध्ये त्याच प्रकाशकांनी ‘एस्क्वायर’ सुरू केले आणि दुकानदाराच्या टेबलावरचे ज्ञान सामान्य वाचकाच्या हातात आले. पुढे हार्डी अ‍ॅमीस यांनी १९६४ मध्ये पुरुषांच्या फॅशनचा वर्णानुक्रमे कोशच लिहिला. एकोणीसशे सत्तरच्या दशकात जगभर रुंद कॉलर आणि कृत्रिम धाग्यांचा जमाना आला, तेव्हा ही जुनी पाने धूळ खात पडली होती. ती पुन्हा उघडणाऱ्यांत दोन अमेरिकी हौशी पुढे होते. अ‍ॅलन फ्लसर यांनी ‘क्लोद्स अँड द मॅन’ (१९८५) आणि ‘ड्रेसिंग द मॅन’ (२००२) या पुस्तकांत एकोणीसशे तीसच्या दशकातली प्रमाणे पुन्हा मांडली. १९८७ च्या ‘वॉल स्ट्रीट’ चित्रपटात मायकेल डग्लसचे कपडेही त्यांचेच होते. जी. ब्रूस बॉयर हे मूळचे इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. १९७३ पासून त्यांनी कपड्यांवर निबंध लिहायला घेतले आणि साहित्यकृतीकडे पाहावे तसे कोटाकडे पाहिले: हा प्रकार कुठून आला, कोणाच्या गरजेतून आला, त्याचा अर्थ कसा बदलला. हौशीच्या कारकिर्दीचे हे दोन नमुने आहेत. एकाने जुन्यातून नियम काढला, दुसऱ्याने इतिहास.

तिसरा नमुना जपानचा, आणि माझ्या मते सर्वांत अर्थपूर्ण. केन्सुके इशिझू यांचा जन्म १९११ चा, ओकायामा शहरातल्या कागदाच्या घाऊक व्यापाऱ्याच्या घरातला. तरुणपणी त्यांना कपड्यांचा आणि पाश्चात्त्य छंदांचा नाद लागला. १९३९ मध्ये ते चीनमधल्या तिआनजिनला गेले आणि तिथे कपड्यांच्या धंद्यात शिरले. युद्ध संपल्यावर तिथे भेटलेल्या, प्रिन्स्टनमध्ये शिकलेल्या एका अमेरिकी लेफ्टनंटकडून त्यांनी अमेरिकेतल्या विद्यापीठांतल्या राहणीविषयी ऐकले. हरलेल्या, जळालेल्या देशात परतल्यावर १९५१ मध्ये त्यांनी ओसाकात स्वतःची पेढी काढली. तीच पुढे ‘व्हॅन जॅकेट’ झाली. त्या वेळी जपानी विद्यार्थी बंद गळ्याचा काळा गणवेश घाली आणि नोकरीला लागल्यावर साचेबंद सूट. या दोहोंमध्ये तरुणाला स्वतःचा म्हणावा असा कपडाच नव्हता. इशिझू यांनी १९५९ मध्ये अमेरिकेला जाऊन प्रिन्स्टन पाहिले आणि तिथला पेहराव जपानी तरुणांपुढे ठेवला. पण माल विकून काम भागणार नव्हते. ज्याने हे कपडे अंगावर कधी पाहिलेच नाहीत, त्याला बटण-डाउन कॉलर कशासाठी आणि ब्लेझर कुठे घालायचा हे कळणार कसे? म्हणून १९५४ पासून निघणाऱ्या आणि पुढे ‘मेन्स क्लब’ नावाने गाजलेल्या मासिकातून इशिझू आणि त्यांचे सहकारी नियम लिहीत राहिले, वाचकांच्या शंका सोडवत राहिले. वेळ, स्थळ आणि प्रसंग या तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून त्यांनी बनवलेली ‘टीपीओ’ ही संज्ञा आजही जपानी बोलण्यात आहे. १९६४ च्या सप्टेंबरात टोकियो ऑलिंपिकच्या तोंडावर पोलिसांनी गिंझा भागात असे कपडे घालून उभ्या राहणाऱ्या मुलांची धरपकड केली. ज्या वेशाला अमेरिकेत सभ्यपणाची खूण मानत, तोच टोकियोत बंडखोरी ठरला. कपड्याचा अर्थ कपड्यात नसतो, तो समाजात असतो, याचा याहून स्पष्ट दाखला मिळणार नाही.

‘टेक आयव्ही’ हे याच प्रकल्पाचे फळ. छायाचित्रे तेरुयोशी हायाशिदा यांची, मजकूर तोशियुकी कुरोसू, हाजिमे हासेगावा आणि इशिझू यांचे चिरंजीव शोसुके यांचा. १९७८ मध्ये व्हॅन जॅकेट दिवाळखोरीत गेली. इशिझू २००५ पर्यंत जगले. धंदा बुडाला, पण शिकवण फोफावली. १९८६ मध्ये जे. प्रेस ही अमेरिकी पेढी जपानी कंपनीने विकत घेतली. व्हॅनमध्ये घडलेल्या माणसाने १९९३ मध्ये सुरू केलेल्या कामाकुरा या शर्टांच्या पेढीने २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर दुकान उघडले. ब्रूक्स ब्रदर्सचे जुने मुख्य दुकान त्याच रस्त्यावर होते आणि २०२० मध्ये त्या कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. मूळ घराला घरघर लागलेली असताना दत्तक घरी दिवा लागलेला होता.

असे का होते? मला याचे उत्तर शिकण्याच्या स्वभावात दिसते. जन्माने मिळालेल्या गोष्टीला माणूस प्रश्न विचारत नाही. ज्याचे वडील आणि आजोबा तसाच कोट घालत होते, त्याला तो कोट तसा का आहे हे सांगता येत नाही आणि एक दिवस तो सहज टाकून देतो. बाहेरून येणाऱ्याला मात्र प्रत्येक तपशील विचारूनच घ्यावा लागतो. ब्रिस्टलमधल्या कपड्यांच्या कारखान्यात पँटींना इस्त्री करणाऱ्या माणसाचा मुलगा आर्ची लीच हा कॅरी ग्रँट झाला. ऑस्ट्रियाहून आलेल्या, मद्याच्या कारखान्यात काम करणाऱ्याचा ओमाहात जन्मलेला मुलगा फ्रेड अस्टेर झाला आणि लंडनच्या शिंप्यांकडे कोट शिवून ते घालून नाचता येईल इतके मऊ करून घेऊ लागला. ब्रॉंक्समधल्या घरे रंगवणाऱ्या स्थलांतरिताच्या घरी १९३९ मध्ये जन्मलेल्या राल्फ लॉरेन यांनी १९६७ मध्ये टाय विकायला सुरुवात केली आणि इंग्रज-अमेरिकी उमरावांची राहणी जगाला विकली. माइल्स डेव्हिसने १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या केंब्रिजच्या अँडोव्हर शॉपमधून घेतलेल्या कोटांनी जॅझच्या मंचावर त्या पेहरावाला वेगळी धार दिली. या सगळ्यांना नियम माहीत होते, आणि म्हणूनच ते कुठे वाकवायचे हेही कळत होते. दत्तक वारसाची ही दुहेरी कमाई आहे. तो आधी जपायला शिकतो, मग वाढवायला.

यावर पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप असा की, हा वारसा साहेबाचा आहे, सत्तेचा आहे. मराठी वाचकाने तो कशाला दत्तक घ्यावा? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. सूट साम्राज्याबरोबर जगभर गेला, कचेरीत आणि कोर्टात सक्तीचा झाला. महात्मा गांधींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला पंचा स्वीकारला, तेव्हा कपडा हेही सत्तेचे शस्त्र आहे हे ओळखूनच त्यांनी ते खाली ठेवले. पण त्याच काळात महाराष्ट्रातून दुसरे उत्तरही आले. कोणी कोणता कपडा घालावा, कसा आणि किती नेसावा हे जिथे जात ठरवत होती, तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण सांगणारी लुगड्याची पद्धत आणि दागिने टाकून द्यायला सांगितले. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकलेल्या बाबासाहेबांनी स्वतः सूट निष्ठेने वापरला. गावोगावच्या पुतळ्यांतला तो निळा कोट साहेबाची नक्कल म्हणून कोणी पाहत नाही. नाकारलेल्या प्रतिष्ठेवरचा तो हक्क आहे. ऑगस्ट १९६३ मध्ये वॉशिंग्टनला मोर्चा नेणारे कृष्णवर्णीय नागरिक सूट-टाय घालून चालले, त्यामागेही हेच भान होते. ज्यांना दाराबाहेर ठेवले, त्यांच्या अंगावर हा कपडा वेगळे बोलतो. शिवाय हा वारसा जितका साहेबाचा म्हटला जातो तितका तो नाही. मुंबईच्या डोंगरी भागावरून तिथल्या जाड्याभरड्या सुती कापडाला इंग्रजांनी ‘डंगरी’ म्हटले. खाकी हा धुळीच्या रंगासाठीचा आपल्याकडचा शब्द, एकोणिसाव्या शतकात वायव्य सरहद्दीवरच्या पलटणीतून जगभर गेला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांबरोबर विद्यापीठांत शिरला. मद्रासचे हातमागाचे चौकड्याचे कापड त्यांच्या उन्हाळी कोटांचे कापड झाले. कमरबंदाचा ‘कमरबंड’ झाला. घोडेस्वारीची जोधपुरी पँट सर प्रताप सिंग यांच्याबरोबर १८९७ मध्ये लंडनला पोहोचली. या घरात आपलेही वासे आहेत. दत्तक जाताना आपण पूर्ण परक्या घरी जात नाही.

दुसरा आक्षेप खास आपल्याकडचा आहे: साधी राहणी आणि उच्च विचारसरणी असताना कपड्यांचा एवढा विचार कशाला? या वचनाविषयी मला मनापासून आदर आहे, पण त्याचा अर्थ बेफिकिरी असा कधीच नव्हता. जुन्या पिढीतल्या शिक्षकाचे धोतर, बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी साधी होती, पण धुतलेली होती, मापाची होती, प्रसंगाला शोभणारी होती. धोतरावर कोट घालणे हीसुद्धा एक दत्तक घेतलेलीच रीत होती आणि ती इतकी आपली झाली की आज आपण तिला मराठी वेश म्हणतो. अभिजात पेहरावाची शिकवण साधेपणाच्या विरुद्ध नाही. थोडे कपडे, चांगल्या कापडाचे, नीट बेतलेले, दुरुस्त करून वर्षानुवर्षे वापरलेले: हीच तिची मूळ अट आहे. यालाच जोडून येणारी हवामानाची शंकाही रास्त आहे. विदर्भाच्या उन्हात लोकरी सूट हा शहाणपणा नव्हे. पण नेपल्सने नेमके हेच ओळखून कोट हलका केला. प्रमाण, कापड आणि प्रसंग यांचे भान हा या विद्येचा गाभा आहे आणि ते भान लिननच्या शर्टाला, सुती कुर्त्याला, बंद गळ्याच्या कोटालाही तितकेच लागू होते.

तिसरा आक्षेप नव्या पिढीचा: हे सगळे नियम म्हणजे मेलेल्यांचा कायदा आहे. जॉर्जिओ अर्मानी यांनी कोटातला सांगाडाच सैल केला, आणि १९८० च्या ‘अमेरिकन जिगोलो’ने तो जगाला दाखवला. कचेऱ्यांतून टाय गेली. आता कोण कशाला मोजेल कफ किती दिसतो ते? यात सत्याचा अंश आहे. जो हौशी १९३५ सालचा माणूस दिसावा म्हणून नखशिखांत जुने घालतो, तो नाटकातला वेश करतो, पेहराव करत नाही. या पुस्तकात अशा वेशांना स्थान नाही. पण अर्मानींचे उदाहरण आक्षेपाच्या बाजूने साक्ष देत नाही. सांगाडा सैल करायला तो आतून माहीत असावा लागतो. नेपल्सच्या अत्तोलिनींनी हेच अर्धशतक आधी केले होते. नियम म्हणजे अनेकांनी करून पाहिलेल्या प्रयोगांचा सारांश. सक्ती गेली हे चांगलेच झाले, कारण सक्तीच्या काळात सूट घालणारा बहुतेक वेळा भीतीने घालत होता. आता जो घालेल तो आवडीने आणि समजून घालेल. सक्ती उठल्यावरच एखादी रीत कलेच्या जवळ जाते.

आजच हे पुस्तक का, याचे उत्तर आपल्या कपाटात आहे. तयार कपडा स्वस्त झाला, आणि त्याचे आयुष्य तुटपुंजे झाले. कॅनव्हासच्या जागी गोंदाने चिकटवलेले फ्युजिंग आले. काही धुण्यांनंतर छातीवर फुगे येतात आणि कोट टाकून द्यावा लागतो, कारण चिकटवलेले उसवून पुन्हा शिवता येत नाही. जिथे दुरुस्ती शक्य नाही तिथे कपडा कचराच होतो. पाश्चात्त्य देशांत मापाने शिवलेला कोट आता श्रीमंतांची चैन आहे. सॅव्हिल रोवर एका सूटमागे हाताच्या कामाचे पन्नासहून अधिक तास जातात आणि त्याची किंमतही तशीच असते. आपल्याकडे मात्र कापड घेऊन शिंप्याकडे टाकणे ही परवापर्यंत मध्यमवर्गाचीही रीत होती. ठाण्याला १९२५ मध्ये सुरू झालेल्या रेमंडच्या कापडाने आणि आहेरात मिळालेल्या सूटपीस-पँटपीसांनी पिढ्यान्‌पिढ्या लग्नाचे कोट शिवले. माप देणे, कच्च्या शिलाईवर ट्रायल, खांद्यावर खडूची खूण, पुढच्या वाढीसाठी आत ठेवलेली माया: हे शब्द अजून जिवंत आहेत. वाढीसाठी शिवणीत सोडलेल्या कापडाला ज्या भाषेने ‘माया’ म्हटले, त्या भाषेला कपड्याच्या आयुष्याची जाण वेगळी शिकवावी लागत नाही. पण सूटपीस आता न शिवता पुढच्या आहेरात जातो, शिंप्यांची मुले दुसऱ्या धंद्यांत जातात आणि उरलेल्या शिंप्यांकडे मुख्यतः तयार पँटी आखूड करण्याचे काम येते. जपानने जो वारसा समुद्रापलीकडून मेहनतीने आणला, त्यातला सर्वांत मोलाचा भाग, म्हणजे गिऱ्हाईक आणि शिंपी यांचे नाते, आपल्या गल्लीत असून आपण तो डोळ्यांदेखत गमावतो आहोत.

म्हणून या पुस्तकाने काय घालावे याची यादी देण्याचे टाळले आहे. हौशी माणसे कशी पाहतात, कशी शिकतात आणि शिकलेले कसे वाटतात हे त्याला दाखवायचे आहे. संग्राहक, लेखक, कटर, दुकानदार अशा निरनिराळ्या वाटांनी या विषयाला आयुष्य दिलेल्यांच्या कारकिर्दी इथे शेजारी शेजारी मांडल्या आहेत आणि त्यांच्यामधून कापड, कट आणि शिवण यांची ओळख करून दिली आहे. तांत्रिक शब्द शक्यतो शिंप्याच्या तोंडी असलेलेच ठेवले आहेत. या पुस्तकाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. हा इतिहास बराचसा पुरुषांचा आणि शहरांचा आहे. ज्या असंख्य हातांनी हे कपडे शिवले, काज घातले, बटणे लावली, त्यांतल्या स्त्रियांची आणि मजुरांची नावे नोंदींमध्ये फारशी नाहीत, म्हणून इथेही कमी आहेत. भारतातल्या शिंपीकामाचा स्वतंत्र इतिहास लिहिला जाणे बाकी आहे. या पुस्तकाने कोणाला तो लिहावासा वाटला तर त्याचे काम झाले.

वाचकाला एकच विनंती. पुस्तक उघडण्यापूर्वी घरातला जुना कोट, वडिलांचा किंवा आजोबांचा, कपाटातून काढा आणि उलटा करून पाहा. अस्तराची शिवण, लॅपलमागचे टाके, शिवणीत राखलेली माया नीट न्याहाळा. मग तो कोट घेऊन कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जा आणि हे कसे केले असेल ते त्याला विचारा. जोवर उत्तर देणारा शिंपी आहे, तोवर हा वारसा दत्तक घेता येईल.